न आलेल्या दुखण्याची गोळी

जबलपूरमधली इतकी डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत, की रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर चेहरा ओळखू येत नाही, पण डोकं आठवतं. कुणाच्या कानामागची जुनी खोक, कुणाच्या टाळूवरचे दोन भोवरे, कुणाच्या केसांत मुरलेला आवळ्याच्या तेलाचा वास. एकतीस वर्षं मी मेंदूच्या एका डॉक्टरांकडे ईईजी काढायचं काम केलं. हृदयाचा आलेख काढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तसाच मेंदूचाही काढतात, हे डोक्याला वायर लागेपर्यंत बहुतेकांना ठाऊक नसतं.

काम सांगायला सोपं आहे. मोजपट्टीनं डोकं मोजायचं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत. लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या. खुणेवरची जागा खरखरीत मलमानं पुसायची आणि तिथे चिकट लेपावर छोट्या छोट्या वाट्या बसवायच्या. प्रत्येक वाटीला एक वायर. सुरुवातीला मशीनमध्ये शाईचे काटे होते, ते लांबलचक कागदावर खरखरत चालायचे. पुढे संगणक आला आणि खोलीतला तो आवाज गेला. मला तो अजून कधीकधी ऐकू येतो.

"दीदी, करंट तो नहीं लगेगा?" हा पहिला प्रश्न ठरलेला.

"करंट आपका ही है भैया, मशीन तो सिर्फ़ देखती है," हे माझं ठरलेलं उत्तर.

खोलीला जाड निळे पडदे होते. बाहेर रिक्षांचा कितीही गोंगाट असला तरी आत पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. मी हळू आवाजात सांगायची, "आँखें बंद कीजिए... अब खोलिए... लंबी साँस लीजिए..." आणि पडद्यावरच्या रेषा त्या माणसाबरोबर श्वास घ्यायच्या. डोळे मिटलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत मागच्या बाजूला एकसारख्या लाटा चालतात. झोप येऊ लागली की त्या विरघळतात आणि दुसऱ्याच, संथ लाटा खालून वर येतात. माणसाला झोप लागतेय हे त्याच्या आधी मला कळायचं. त्या अर्ध्या पायरीवर लोक बोलतात. छावणीलगतच्या सदर भागातले एक निवृत्त सुभेदार आले होते, पलंगावरही सावधान स्थितीत निजलेले. डोळा लागता लागता मऊ आवाजात म्हणाले, "घोड़े को पानी दे दो." उठल्यावर मी त्यांना ते सांगितलं नाही. असल्या गोष्टी मी कुणालाच सांगत नसे. सराफ्यातले एक सराफ तर इतके गाढ झोपले, की महिन्याभरानं परत आले आणि म्हणाले, "दीदी, वो सोने वाली जाँच एक बार और कर दीजिए ना." त्यांना आजार काही नव्हता. त्यांना फक्त तो पलंग हवा होता.

पण मला सांगायचंय ते अर्धशिशीबद्दल. आता सगळे मायग्रेन म्हणतात.

मायग्रेन या मशीनमध्ये दिसत नाही. डॉक्टर ईईजी सांगत ते कधीकधीच, दुसरं काही नाही ना हे बघायला. त्यामुळे या लोकांच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' असंच लिहिलं जाई. ज्यांच्या जिवाला सर्वांत जास्त घोर, त्यांच्या कागदावर सर्वांत साधा शब्द. फिट येणाऱ्याच्या घरचे 'नॉर्मल' ऐकून देवाला हात जोडत. मायग्रेनवाले मात्र तो शब्द ऐकून खाली बघत. "तो फिर दर्द है कहाँ?" एका बाईंनी मला विचारलं होतं. मशीन जेवढं बघते तेवढंच असतं असं नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

प्रतिभा आली ती अशाच एका सकाळी. चाळिशीची, सडपातळ, इस्त्रीची सुती साडी. नाव वाचून मी मराठीत बोलले तर तिचा चेहराच सैल झाला.

"अच्छा, तुम्ही आपल्यातल्या आहात? मी तर हिंदीची तयारी करून आली होती."

ती कारखान्यात होती. आमच्याकडे 'कारखान्यात' म्हटलं की संरक्षण खात्याचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. नवरा तिथेच होता. दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला आणि अनुकंपेवर त्याच्या जागी हिला घेतलं. तपासणी विभागात काम. पितळेच्या छोट्या टोप्या ट्रेमधून येतात, त्या ट्यूबलाइटखाली एकेक करून बघायच्या. चीर, पोचा, डाग दिसला की बाजूला. दिवसभर तेच.

मी तिचे केस विंचरून भाग पाडत होते, तेव्हा तिनं विचारलं, "ताई, या मशीनमध्ये गोळी दिसते का?"

"कसली गोळी?"

"म्हणजे... औषधाची."

"झोपेच्या गोळीची थोडी खूण दिसते. डोकेदुखीच्या गोळीची नाही दिसत."

तिचे खांदे खाली आल्याचं मला मागून दिसलं. माझे हात तिच्या डोक्यावर होते आणि आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघत नव्हतो. लोक न्हाव्याजवळ मनातलं बोलतात, ते यामुळेच असावं.

"डॉक्टरसाहेबांना मी सांगितलं, आठवड्यात एक-दोन घेते. पण नोकरी लागली तेव्हापासून मी रोज घेऊन राहिली, ताई. सकाळी ड्यूटीच्या आधी एक, उपाशीपोटी. दुपारी जेवणाच्या आधी एक. कधी तिसरीपण."

"रोज दुखतं?"

"तेच तर समजत नाही. दुखायच्या आधीच घेते ना मी. दुखू नये म्हणून. तिथे दुखलं अन् एखादी चीर नजरेतून सुटली तर? अन् सुट्टी घेतली तर म्हणतील, नवऱ्याच्या जागेवर आली, काम तर होत नाही." मग मान किंचित वळवून म्हणाली, "तुम्ही सांगणार नाही ना?"

डॉक्टर हे मायग्रेनवाल्यांना रोज समजावत. पातळ भिंतीतून मला पाठ झालं होतं. दुखण्याची गोळी फार दिवस, फार वेळा घेतली तर तीच दुखणं आणायला लागते. डोकं गोळीची वाट बघतं, वेळेवर मिळाली नाही की दुखतं, दुखलं की माणूस गोळी घेतो. शिवाय भीती. आज येईल का, या भीतीनं मान आखडते, झोप उडते, आणि मग ते येतंच. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "नाही सांगणार. डोळे मिट."

तिला झोप लागली नाही. तासभर तिच्या कपाळाचे स्नायू ताठच होते, त्यांची काळी गिचमीड पडद्यावर उमटत राहिली. रिपोर्ट नॉर्मल.

मी का सांगितलं नाही, ते आता लिहायला हरकत नाही. सतराव्या वर्षापासून मलाही तेच आहे. आधी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक नागमोडी चमकती रेघ येते, उन्हात नर्मदेचं पाणी हलावं तशी. ती पसरत जाते, समोरच्या माणसाचं अर्धं तोंड नाहीसं होतं, आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागतं. माझ्या टेबलाच्या खणात, लेपाच्या डब्यांमागे, माझी पाकिटं होती. डोक्यावर काम करणारीचंच डोकं दुखतं, हे कुणाला कळलेलं मला नको होतं. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी एक घेत असे. येऊ नये म्हणून. प्रतिभाचं डॉक्टरांना सांगितलं असतं, तर ते वाक्य मला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं असतं.

चार महिने गेले. ती परत दाखवायला आली नाही, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

मग एका रविवारी सदरच्या बाजारात मी उशांचे अभ्रे घेत होते. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली, पिशवी मांडीवर, चेहरा राखेसारखा. जवळ गेले तर प्रतिभा.

"काय होतंय?"

"काही नाही. चक्कर आली." एवढं म्हणून ती बाजूला वाकली आणि तिला उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तो रंग कळतो. रक्त पोटात पडून मुरलं की तसा दिसतो.

दुकानदारानं ऑटो थांबवला. रस्ताभर तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तिचे केस घामानं भिजले होते, आणि मला मूर्खासारखं आठवत होतं, की मी या डोक्यावर कुठे कुठे लाल खुणा केल्या होत्या.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "कोई दवा चलती है? दर्द की गोली?"

प्रतिभानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मान हलवायची ताकद नव्हती, पण डोळे 'नको' म्हणत होते.

"रोज़ दो," मी म्हणाले. "कभी तीन. दो साल से. ज़्यादातर खाली पेट."

डॉक्टरीणबाईंनी लगेच नर्सला हाक मारली. प्रतिभानं तोंड भिंतीकडे वळवलं.

पोटात जखम झाली होती, गोळ्यांनी. वेळेवर आली म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. शेजारी तिच्या सासूबाई, वर्ध्याकडच्या, नऊवारीतल्या, मोसंबी सोलत. प्रतिभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही म्हटलं होतं, सांगणार नाही."

"हो."

"मग?"

"तेव्हा सांगायला पाहिजे होतं. उशीर केला, ते चुकलं." आणि मग, का कोण जाणे, सासूबाईंच्या देखतच मी बोलून गेले, "मीपण घेते. रोज. तुझ्यापेक्षा जास्त वर्षं."

तिनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंचा हात मोसंबीवर थांबला. "दोघीही मूर्ख," त्या म्हणाल्या, आणि एक फोड मला दिली, एक तिला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांसमोर बसले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, तिची आणि माझी. आवाज चढवणारा माणूस नव्हे तो. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुंदाजी, चार महीने पहले कहतीं तो उनका पेट बच जाता." थोड्या वेळानं म्हणाले, "और आप मेरे बगल के कमरे में थीं. मैंने भी नहीं देखा." त्यांच्या त्या दुसऱ्या वाक्यानं मला रडू आलं, पहिल्यानं नाही.

दोघींसाठी इलाज असा ठरला. सगळ्या गोळ्या बंद, रुग्णालयानं तिला तात्पुरती दिलेली पोटाला सोसणारी गोळीसुद्धा. त्यांच्या जागी रोज घ्यायचं वेगळं औषध, जे दुखणं मुळात कमी येऊ देतं, पण त्याला गुण यायला आठवडे लागतात. आणि मंगळवारी दवाखान्यात एक मानसोपचाराची मुलगी यायची, शांत, हळू बोलणारी, तिच्याकडे जायचं. प्रतिभा आधी चिडली. "मी काय पागल आहे? दुखते डोकं, अन् पाठवतात मनाच्या डॉक्टरकडे." तरी गेली. त्या मुलीनं तिला एकच विचारलं, "गोळी घेतली नसती तर त्या दिवशी दुखलं असतं, हे तुम्हाला कसं कळलं?" प्रतिभानं खूप विचार केला. कळलं नव्हतंच. दोन वर्षं ती न आलेल्या दुखण्याची गोळी घेत होती. मला हे सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मात्र हसले नाही. माझी दोन वर्षं नव्हती, पंचवीस होती.

गोळ्या सुटल्या की पहिले काही दिवस डोकं सूड घेतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे रुग्णालयातल्या दिवसांवर आणखी रजा हवी. रजा मागायची तर भीती तीच. मी तिच्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले. आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून बाहेर गुलमोहराखाली उभी राहिले. ती दहा मिनिटांत परत आली आणि सायकल स्टँडच्या कठड्याला धरून रडू लागली.

"नाही म्हणाले?"

"नाही हो. फोरमनसाहेबांनी मान वर नाही केली. म्हणे, दो हफ़्ते क्या, तीन ले लो, बिटिया, तबीयत पहले." ती हुंदके देत होती. "एवढंच होतं, ताई? ज्याला भिऊन मी पोट जाळून घेतलं, ते एवढंच होतं?"

मीही रजा टाकली. एकटीनं सोडायचा धीर मला नव्हता, आणि घरी भावाच्या कुटुंबात कुणाला माहीत नव्हतं, म्हणून दिवसभर तिच्या क्वार्टरमध्ये जायचं ठरलं. "आजारी मैत्रिणीची सोबत" असं घरी सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. खिडक्यांना सासूबाईंनी जुनी सतरंजी लावली होती. तिच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके भिंतीवर पडत आणि दिवसभर सरकत राहत. जमिनीवर दोन गाद्या, आम्ही दोघी, कपाळावर सुंठेचा लेप. सासूबाई अनवाणी फिरायच्या, भांड्याचा आवाज होऊ द्यायच्या नाहीत. एकदा दारातून आमच्याकडे बघत म्हणाल्या, "एक सून होती, दोन झाल्या मले."

तिसरा-चौथा दिवस सर्वांत वाईट. दुखण्याला आकार असतो, हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मी ते कधी पूर्ण येऊच दिलं नव्हतं. ते डाव्या भुवईपासून निघायचं आणि भरतीसारखं वर चढायचं. मी डोळे मिटून पडायची आणि मिटल्या डोळ्यांपुढे ती चमकती रेघ नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या घाटासारखी पसरायची. मी लहान असताना वडील पुलावर सायकल थांबवून पाणी दाखवायचे, तसं पाणी, उजेडानं फुटलेलं. कधी वाटायचं मी पुलावर आहे, कधी वाटायचं मी पाण्याखाली आहे आणि वरून कुणीतरी माझ्या डोक्याला वायरी लावून वाचतंय. दूर कारखान्याचा भोंगा व्हायचा. तो स्वप्नातला की खरा, हे ठरवायच्या आत परत डोळा लागायचा. कुठेतरी प्रतिभाचा आवाज, "काहून होऊन राहिलं असं..." आणि सासूबाईंचा, "होते पोरी, उतरते."

आणि ते उतरायचं. गोळीशिवाय. चार तासांनी, सहा तासांनी, पण उतरायचं. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं.

एका दुपारी जाग आली तर प्रतिभा कोपरावर रेलून माझ्याकडे बघत होती, केस पिंजारलेले, कपाळावर वाळलेली सुंठ.

"ताई, तुम्ही झोपेत बोलता."

"काय बोलले?"

"आँखें बंद कीजिए. अब खोलिए. लंबी साँस लीजिए." ती खुदकन हसली. "मी केलं ना सगळं. बरं वाटलं मला."

एकतीस वर्षं मी लोकांना झोपताना बघितलं. मला झोपताना कुणीतरी बघितलं ते त्या दिवशी, आणि तिनंही दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

आमचं दुखणं गेलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रतिभाला महिन्यातून चार-पाच दिवस दुखतं. आलं की डॉक्टरांनी दिलेली, पोटाला न लागणारी गोळी घेते, आलं तरच. तिची नोकरी चालू आहे. मी दोनदा घसरले. एकदा भावाच्या ऑपरेशनच्या वेळी, एकदा काहीही कारण नसताना, फक्त खण उघडल्यावर हात गेला म्हणून. दोन्ही वेळा डॉक्टरांना जाऊन सांगितलं. निवृत्त झाले त्या दिवशी खण रिकामा करताना त्यात फक्त लेपाचे डबे होते, याचा मला कुठल्याही शालीपेक्षा जास्त अभिमान वाटला. खंत आहे ती त्या चार महिन्यांची. डोक्यावर हात ठेवून ऐकलेली गोष्ट गुपित ठेवायची असते, हे मी धर्मासारखं पाळलं. कुठलं गुपित माणसाला आतून खातंय, हे ओळखणं माझं काम आहे असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पुतणीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, ढोलक चाललेलं, अंगणात ऊन चकाकत होतं. मी हळदीची परात घेऊन उभी होते आणि समोरच्या विहिणीचं अर्धं तोंड नाहीसं झालं. पूर्वी मी मुकाट्यानं पर्स उघडली असती आणि संध्याकाळपर्यंत हसत उभी राहिले असते. मी वहिनींना गाठलं. भावाची बायको, सव्वीस वर्षं आम्ही एका घरात राहतो.

"वहिनी, माझं डोकं दुखणार आहे. मला जरा अंधारात पडायचंय."

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, पाहुण्यांच्या बॅगा पलंगावरून उतरवल्या, खिडकी लावली, माझ्या अंगावर शाल घातली. दार ओढून गेल्या. बाहेर ढोलक वाजत होतं, लांब, पाण्याखालून आल्यासारखं.

थोड्या वेळानं दार परत किलकिलं झालं. कुणीतरी आत आलं, बांगड्या हातानं दाबून धरत, आवाज न करता. पलंग हलला. वहिनी माझ्या शेजारी आडव्या झाल्या आणि त्यांनी शालीचं टोक आपल्या डोळ्यांवर ओढून घेतलं.

"सरका थोडं," त्या कुजबुजल्या. "माझंही कालपासून दुखून राहिलं."